पुस्तकातले शंभर, वर्गातले अठ्ठ्याण्णव



आज मी तुम्हाला माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. चूक जुनी आहे, १९९६ सालची. तिच्यामुळे कुणाचं नुकसान झाल्याची कुठे नोंद नाही. त्या वेळी ती चूक आहे हे मला कळलंही नव्हतं. उलट आपण शिक्षकाचं काम चोख केलं, अशीच माझी समजूत होती.

लातूर जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर एका गावी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होतो. प्रयोगशाळा नव्हती. विज्ञान साहित्याची एक पत्र्याची पेटी होती आणि ती बहुतेक वेळ कुलपात असायची. काही फुटलं तर भरून कोण देणार, ही भीती. पण दुसऱ्या दिवशी तपासणी होती, म्हणून त्या दिवशी पेटी उघडली. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग ठरला. स्टोव्ह पेटवला, चंचुपात्रात पाणी ठेवलं, स्टँडला तापमापी टांगली. पोरं भोवती कोंडाळं करून उभी राहिली.

पाणी खदखदायला लागलं. तापमापी वाचायचं काम एका मुलीकडे होतं. ती वाकून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, ''सर, पानी उकळायलंय, पन पारा अठ्ठ्याण्णवच्या वर जाईना.''

मी म्हटलं, ''थांब जरा, जाईल.''

आम्ही थांबलो. पाणी निम्मं आटलं, पारा तिथंच. मग मी विचारलं, ''पुस्तकात किती दिलंय?''

''शंभर.''

''मग शंभर लिही. तापमापी खराब असेल.''

तिनं वहीत ९८ लिहिलेलं होतं. तिनं खोडरबर घेतला, ते खोडलं आणि शंभर लिहिलं. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी वह्या चाळल्या, समाधान व्यक्त केलं. प्रयोग संपला.

आता यातली गंमत अशी की, पाणी शंभर अंशाला उकळतं ते समुद्रसपाटीला. जसजसं उंचावर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. ढोबळमानानं तीनशे मीटर उंचीला एक अंश कमी. लातूरचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे-सव्वासहाशे मीटर उंच आहे. म्हणजे तिथं पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळायला हवं. आपल्या नांदेडला, गोदाकाठी, साधारण साडेतीनशे मीटरवर, ते नव्याण्णवच्या जवळपास उकळेल. महाबळेश्वरला पंच्याण्णव-साडेपंच्याण्णवला. हे मी बी. एस्सी.ला शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. पण समोर पाणी उकळत असताना मला ते आठवलं नाही. मला पुस्तकातला आकडा आठवला.

म्हणजे त्या मुलीचं बरोबर होतं का? मंडळी, खरं सांगायचं तर ते मला आजही माहीत नाही. तापमापी खरोखरच खराब असू शकेल. ते तपासणं अगदी सोपं होतं. बाजारच्या दिवशी बर्फगोळ्याच्या गाडीवरून मूठभर बर्फ आणायचा, तो वितळत असताना त्यात तापमापी बुडवायची आणि पारा शून्यावर येतो का ते बघायचं. शेजारच्या गावच्या शाळेतून दुसरी तापमापी मागून आणायची, तिच्यावर किती येतं ते बघायचं. दोन दिवसांचं काम. पोरांना जन्मभर पुरलं असतं. मी मात्र ते एका खोडरबरात उरकलं.

हे सगळं आता आठवायचं कारण वेगळं आहे. मध्यंतरी एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाविषयी वाचनात आलं. शिकागो इथल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले नॉर्मन लेडरमन आणि ज्युडिथ लेडरमन या शिक्षणतज्ज्ञांनी अनेक देशांतल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन तो केला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अठरा देश आणि प्रदेशांतल्या, सातवीत नुकत्याच आलेल्या २६३४ मुलामुलींना त्यांनी काही प्रश्न विचारले. त्यात अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, फिनलंड होते, तसेच चीन, ब्राझील, इजिप्त, नायजेरिया, दक्षिण आफ्रिकाही होते. भारत त्यात नव्हता.

प्रश्न कसले होते, हे महत्त्वाचं आहे. पाण्याचं रासायनिक सूत्र सांगा, हृदयाचे कप्पे किती, असलं काही नव्हतं. विज्ञानात एखादी गोष्ट शोधून कशी काढतात हे मुलांना कितपत कळलंय, ते बघायचं होतं. पर्याय दिलेले नव्हते. मुलांनी आपल्या शब्दांत लिहायचं होतं.

त्यातले काही प्रश्न मी माझ्या नातवाला आणि गल्लीतल्या त्याच्या मित्रांना विचारून बघितले. उन्हाळ्याची सुट्टी होती. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. हा काही अभ्यास नव्हे, नुसत्या गप्पा. पण ऐकण्यासारख्या झाल्या.

पहिला प्रश्न पक्ष्यांचा. एक माणूस शेकडो जातींचे पक्षी बघतो. एकाच तऱ्हेचं खाणं खाणाऱ्या पक्ष्यांच्या चोचीही एकसारख्या असतात, असं त्याच्या ध्यानात येतं. त्यावरून तो निष्कर्ष काढतो की, चोचीचा आकार आणि खाणं यांचा संबंध आहे. आता सांगा, हे विज्ञान झालं का? आणि हा प्रयोग झाला का?

आमच्या ओट्यावर एकमतानं उत्तर आलं, ''नाही. हे नुसतं बघणं झालं.'' का रे? तर प्रयोगशाळा नाही, परीक्षानळी नाही, पांढरा कोट नाही. मी म्हटलं, मग सूर्य-चंद्र-तारे बघणाऱ्यांचं काय? तारा काही परीक्षानळीत घालता येत नाही. पोरं विचारात पडली. हा प्रयोग नाही हे त्यांचं बरोबर होतं, कारण त्या माणसानं मुद्दाम काही बदलून बघितलेलं नाही. पण विज्ञान मात्र आहे. पद्धतशीर बघणं, नोंदी ठेवणं, त्यातला मेळ शोधणं हेही विज्ञानच. विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी उभं राहून बगळ्याची लांब चोच, घरातल्या चिमणीची आखूड जाड चोच आणि पेरूच्या झाडावरच्या राघूची बाकदार चोच न्याहाळणारं पोरगंही ते करू शकतं.

दुसरा प्रश्न टायरचा. काही कंपन्यांचे टायर इतरांपेक्षा जास्त पंक्चर होतात का, हे शोधायचं आहे. एका गटानं वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर एकाच प्रकारच्या रस्त्यावर चालवून बघितले. दुसऱ्या गटानं एकाच कंपनीचे टायर तीन प्रकारच्या रस्त्यांवर चालवले. कुणाची रीत बरोबर?

ओट्यावर बहुमत दुसऱ्या गटाला. ''त्यांनी तीन रस्ते बघितले आजोबा, जास्त मेहनत केली.'' एकच मुलगा गप्प होता. त्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. तो म्हणाला, ''पण प्रश्न कंपनीचा आहे ना? मग कंपनी बदलून बघायला पाहिजे. रस्ता तोच ठेवला पाहिजे.'' मी त्याच्या पाठीवर थाप मारली. प्रश्न काय आहे, त्यावरून रीत ठरते. ही एवढी मोठी गोष्ट त्या पोराला दुकानात बसून कळली होती.

तिसरा प्रश्न मला सर्वांत जिव्हारी लागला. एक तक्ता दिलेला असतो. रोपांना रोज किती मिनिटं उजेड मिळाला आणि ती किती वाढली, याचा. त्या तक्त्यात मुद्दाम उलटे आकडे असतात. उजेड जास्त मिळालेली रोपं कमी वाढलेली, उजेड कमी मिळालेली जास्त. विचारलेलं असतं, या आकड्यांवरून काय निष्कर्ष निघतो?

आमच्या ओट्यावरच्या पोरांनी तक्ता बघितला न बघितला आणि एका सुरात सांगितलं, ''उजेड जास्त मिळाला की रोप जास्त वाढतं.'' मी म्हटलं, तक्ता बघा की रे. त्यांनी बघितला. एक जण म्हणाला, ''छापताना चूक झाली असेल.''

श्रोतेहो, ते वाक्य ऐकलं आणि मला माझी तापमापी आठवली. ''खराब असेल'' म्हणणारा मी आणि ''छापताना चूक झाली असेल'' म्हणणारं ते पोरगं, दोघं एकाच शाळेचे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आकडे आपल्या माहितीच्या उलट आले तर आपली माहिती लगेच टाकून द्यायची, असं कुणी म्हणत नाही. आकडेही चुकतात. पण आधी हे कबूल करायला हवं की, ''या आकड्यांवरून तरी असंच दिसतंय.'' आणि मग पुढे विचारायला हवं, ''असं का? पुन्हा करून बघू का?'' जे दिसलं ते लिहायचं आणि मग त्याच्याशी भांडायचं. आधीच खोडून टाकलं तर भांडायला काही उरतच नाही.

आणखी एक प्रश्न डायनोसॉरचा होता. सापडलेली हाडं दोन तऱ्हांनी जुळवता येतात, तरी बहुतेक शास्त्रज्ञ एकाच जुळणीला मान्यता देतात, ते कशावरून? एक पोरगं म्हणालं, ''सिनेमात तसाच असतो.'' आजच्या प्राण्यांची हाडं, सांधे, स्नायू यांबद्दल आधीच जे माहीत आहे, त्याचा आधार घेऊन हाडं जुळवतात, हे कुणाला सुचलं नाही.

आता त्या अठरा ठिकाणच्या मुलांचा निकाल काय लागला? देशांची क्रमवारी लावणं हा त्या अभ्यासाचा हेतू नव्हता. पण एकंदर चित्र साऱ्या जगाचं मिळून निराशेचं होतं. प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांना, ती श्रीमंत देशातली असोत की गरीब, शोध कसा घेतात याची पुरेशी समज नव्हती. पुढे २०२१ मध्ये त्याच संशोधकांनी शालेय शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सातवीपेक्षा चित्र बरं होतं, पण असायला हवं तेवढं नव्हतं.

हे वाचून माझ्या एका शिक्षकमित्राला हायसं वाटलं. म्हणाला, ''म्हणजे आपणच मागं नाही, सगळेच मागं आहेत!'' मला काही ते समाधान मानता येईना. गावातल्या सगळ्यांच्याच विहिरी आटल्या म्हणून आपली तहान थोडीच भागते?

आणि आपण त्या रांगेत उभेच नव्हतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. असल्या मोजमापांना आपण फारसे सामोरे गेलेलो नाही. १९७०-७१ च्या सुमारास एकोणीस देशांत विज्ञान शिक्षणाची एक मोठी पाहणी झाली, त्यात भारत होता. त्यानंतर पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या 'पिसा' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही आपली दोन राज्यं उतरली. निकालात ती यादीच्या तळाशी दिसली. प्रश्न आपल्या मुलांच्या परिस्थितीला धरून नव्हते, अशी तक्रार झाली. तीत थोडंफार तथ्य असेलही. पण पुढच्या २०१२, २०१५ आणि २०१८ च्या फेऱ्यांत आपण उतरलोच नाही. वजनकाटा आवडला नाही म्हणून आपण वजन करणंच सोडलं.

मग प्रश्न उरतो, असं का होतं? मुलं तर जन्मतःच चौकस असतात. तीन वर्षांचं पोर 'का?' विचारून घरच्यांना भंडावून सोडतं. तेच पोर सातवीत येईतो गप्प कसं होतं?

मी बत्तीस वर्षं शिकवलं. माझं उत्तर असं आहे की, आम्ही मुलांना विज्ञानाची उत्तरं दिली, ती उत्तरं मिळाली कशी हे सांगितलं नाही. पुस्तकात प्रयोगाची कृती असते आणि खाली निरीक्षण आणि अनुमान छापलेलंच असतं. मूल प्रयोग करायच्या आधी अनुमान वाचतं. मग प्रयोग म्हणजे देवाची आरती होते. शेवट काय होणार हे सगळ्यांना पाठ असतं. फक्त तोंड हलवायचं. अनेक शाळांतून तर तेवढंही होत नाही, वहीत आकृती काढली की प्रयोग झाला. जिथे मुलं खरोखर प्रयोग करतात, तिथंही नुसतं करून भागत नाही. आपण हे असं का केलं, दुसऱ्या गटाचं उत्तर वेगळं का आलं, यावर वर्गात बोलणं झालं पाहिजे, असं हे अभ्यासक आवर्जून सांगतात. हातानं केलेलं तोंडानं बोललं नाही, तर डोक्यात उतरत नाही.

दुसरं कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांना अगदी जवळचं आहे. लातूर पॅटर्न महाराष्ट्राला माहीत आहे. नांदेडमध्येही शिकवणी वर्गांच्या गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या राहिल्या आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्या मराठवाड्याला मागास म्हणून हिणवलं गेलं, तिथल्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या पोरांनी त्या मेहनतीवर डॉक्टर होऊन दाखवलं. ते यश खरं आहे. पण त्या परीक्षेत १८० प्रश्न असतात, ७२० गुण असतात आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात. म्हणजे बरोबर उत्तर तिथं आधीच छापलेलं असतं, ते फक्त ओळखायचं. बारावीच्या पोरानं ते करावं, हरकत नाही. आता सहावी-सातवीच्या पोरांनाही 'फाउंडेशन'च्या नावाखाली त्याच घाण्याला जुंपलं जातं, तेव्हा मला भीती वाटते. हे पोर उद्या डॉक्टर होईल. एखाद्या रुग्णाचा आजार चारही पर्यायांत बसला नाही तर काय करील? रिपोर्टावर एक आणि रुग्णाच्या अंगावर दुसरंच दिसलं, तर खोडरबर घेईल?

आपल्या भागाला पुस्तक आणि वास्तव यांतला फरक फार मोठी किंमत देऊन कळलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. महिन्याभरानं शाळा पुन्हा भरली तेव्हा एका पोरानं मला विचारलं होतं, ''सर, नकाशात तर हितं भूकंप होत न्हाई म्हनून होतं. मग नकाशा खोटा का?''

मी त्याला जवळ घेतलं, उत्तर काही दिलं नाही. आज देईन. म्हणेन, बाळा, नकाशा खोटा नव्हता, अपुरा होता. तोवर जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तो काढलेला होता. किल्लारीनंतर शास्त्रज्ञ आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनं तिथं जमिनीत खोल छिद्र घेऊन काळ्या दगडाच्या थराखाली काय आहे ते तपासलं. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि आपला भाग वरच्या धोक्याच्या क्षेत्रात गेला. पुरावा बदलला की निष्कर्ष बदलतो. यात विज्ञानाची नामुष्की नाही, हीच त्याची रीत आहे.

पुढे २००७ च्या सुमारास नांदेड शहरात जमिनीतून गूढ आवाज यायला लागले, सौम्य धक्के बसायला लागले, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. लोक रात्र रात्र अंगणात बसून काढत. अफवांना ऊत आला होता. कुणी धरणाचं नाव घेई, कुणी कूपनलिकांचं, कुणी देवाच्या कोपाचं. त्या वेळी भूकंपमापक यंत्रं बसवून नोंदी घेतल्या गेल्या. मला वाटतं, त्याच वेळी प्रत्येक शाळेनं एक वही घालायला हवी होती. आवाज कधी आला, किती वाजता, भांडी हलली का, कोणत्या गल्लीत जास्त जाणवलं, एवढंच लिहायचं. महिन्याभराच्या नोंदी फळ्यावर मांडल्या असत्या तर पोरांना आपोआप कळलं असतं की, ऐकीव गोष्ट कशाला म्हणायचं, नोंद कशाला आणि पुरावा कशाला. भीतीही थोडी कमी झाली असती. ज्याची नोंद ठेवता येते, त्याची भीती निम्मी होते, असा माझा अनुभव आहे.

कुणी म्हणेल, सर, हे सगळं बोलायला ठीक आहे, सरकारी शाळेत शक्य आहे का? शक्य आहे, कारण ते झालेलं आहे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत एक उपक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान करून शिकायचं. 'बाल वैज्ञानिक' हे त्यांचं पुस्तक. त्यात उत्तरं दिलेली नव्हती, ती मुलांनी प्रयोगातून काढायची होती. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. मुलांनी शंका लिहून पाठवाव्यात म्हणून 'सवालीराम' नावाचं एक पात्र होतं. त्याला पोरं पत्रं लिहीत आणि त्यांना उत्तरं येत. पुढे एकलव्य संस्थेनं हे काम वाढवलं. शेकडो सरकारी शाळांतून ते तीस वर्षं चाललं आणि २००२ मध्ये तिथल्या सरकारनं ते बंद केलं. बंद झालं म्हणून हळहळ वाटते. पण तीस वर्षं चाललं, हेही विसरू नये. ती मुलंही आपल्यासारख्याच खेड्यांतली होती.

आपण सरकारची वाट न बघता काय करू शकतो? मी तीनच गोष्टी सांगतो. पहिली, शिक्षकांसाठी. प्रयोगाच्या वहीत मुलाला जे दिसलं तेच लिहू द्या. पुस्तकापेक्षा वेगळं आलं, तर गुण कापू नका. उलट, ''वेगळं का आलं असेल?'' या प्रश्नाला दोन गुण ठेवा. दुसरी, आईवडिलांसाठी. पोरगं शाळेतून आलं की, ''आज किती मार्क पडले?'' याच्या जोडीला, ''आज काय विचारलंस?'' एवढं एक विचारा. आणि तिसरी आपणा सगळ्यांसाठी. मुलानं विचारलेलं आपल्याला येत नसेल, तर ''मला माहीत नाही, चल, बघू या'' असं म्हणायला शिका. हे वाक्य उच्चारायला मला निवृत्तीपर्यंतचा काळ लागला.

शेवटी त्या मुलीकडे येतो. २०२२ च्या मे महिन्यात मी माझ्या भावाच्या गावी गेलो होतो. खरिपाची तयारी चालली होती. २०२० मध्ये पेरलेलं सोयाबीन ठिकठिकाणी उगवलंच नव्हतं आणि शेतकरी फार पोळले होते. तेव्हापासून लोक बियाणं तपासून घेण्याच्या बाबतीत जरा जागे झाले होते. मारुतीच्या पारावर माणसं जमली होती आणि कृषी सहाय्यक बाई उगवणक्षमता बघायची रीत समजावून सांगत होत्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे. वर दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर नेहमीच्या मापानं पेरायचं, कमी निघाले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर ते पेरायचंच नाही.

आधी ठेवलेली एक गुंडाळी त्यांनी उघडली. दोघांनी मिळून कोंब मोजले. अठ्ठावन्न निघाले. बियाणं ज्यांचं होतं ते म्हातारबा हिरमुसले. म्हणाले, ''बाई, पिशवीवर सत्तर छापलंय. सत्तरच लिव्हा की.''

बाई म्हणाल्या, ''बाबा, मोजून जेवढे निघाले तेवढेच लिहायचे. आपण अजून दोन वेळा करून बघू. दाणे वेगळे घेऊ, ढिगाच्या तळातले घेऊ. पण आजचे अठ्ठावन्न ते अठ्ठावन्नच.''

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्या जवळ आल्या, वाकून नमस्कार केला आणि आपलं नाव सांगितलं. मी लगेच ओळखलं. चार शब्द इकडचे तिकडचे झाले. निघताना त्या हसून म्हणाल्या, ''सर, ते पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळत होतं हो.''

सव्वीस वर्षं त्या पोरीनं तो आकडा जपून ठेवला होता. वहीतून मी तो खोडायला लावला, तिच्या डोळ्यांनी बघितलेलं मला खोडता आलं नव्हतं. मी म्हटलं, ''बाई, मला माहीत नाही. आपण तपासायला हवं होतं.'' त्या म्हणाल्या, ''मग तपासू या की, सर.''

माझं भाग्य म्हणून तिचा आकडा टिकला. सगळ्यांचा टिकत नाही. माझ्या वर्गातून गेलेल्या बाकीच्या पोरांनी काय काय खोडलं असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. म्हणून ज्यांच्या हाती आजही खडू आहे, त्यांना एवढीच विनंती. उद्या एखादं पोर वहीत अठ्ठ्याण्णव लिहील. त्याला खोडरबर देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, ''असं का आलं असेल रे?''

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)